बोलताना अडखळतो, हे आधीच सांगून टाकलं तर?

कृष्णाकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

इथे टंकताना मी अडखळत नाही, त्यामुळे माझे प्रतिसाद वाचणाऱ्यांना हे माहीत असायचं कारण नाही. मी लहानपणापासून तोतरा बोलतो. आता पस्तिशी ओलांडली आहे, पुण्याजवळच्या एका कारखान्यात खरेदी विभागात आहे, म्हणजे दिवसभर फोन. या विषयावर मराठीत मोकळेपणानं फार कमी लिहिलं जातं, म्हणून हा धागा काढतोय.

तोतरेपणा म्हटलं की लोकांना 'त-त-प-प' तेवढं ऐकू येतं. आत दिवसभर काय चाललेलं असतं ते कळत नाही. पुढे कुठला शब्द अडणार हे आम्हाला दोन-तीन शब्द आधीच जाणवतं आणि तिथे पोचायच्या आत आम्ही वाट बदलतो. सांगलीहून एसटीने येताना मी कित्येक वर्षं कंडक्टरकडे स्वारगेटचं तिकीट मागत आलो. राहायला कात्रजला! पण 'कात्रज'चा 'का' घशातून सुटायचा नाही, मागे रांगेतली माणसं बघायची, म्हणून स्वारगेट. बस घराजवळून पुढे जायची, मी खिडकीतून बघत बसायचो आणि मग बॅग घेऊन पीएमटीने उलटा यायचो. शाळेत 'हजर' निघायचं नाही म्हणून 'येस सर'. हॉटेलात जे खावंसं वाटतं ते नाही, जे तोंडातून सुटेल ते मागवायचं. फक्त स्वतःच्या नावाला पर्यायी शब्द नसतो. म्हणूनच बहुतेक तोतऱ्या माणसांना जगातला सगळ्यात अवघड शब्द म्हणजे आपलं स्वतःचं नाव.

आणि हाच माणूस गणपतीत आरत्या धडाधड म्हणतो. गाताना, सगळ्यांबरोबर एका सुरात वाचताना, एकटाच स्वतःशी बोलताना शब्द अडत नाहीत. त्यावरून लोक म्हणतात, "बघ, मनातली भीती काढ, होशील बरा." उलटा हिशोब आहे हा. तोतरेपणाचं मूळ मेंदूत बोलण्याची जुळवाजुळव कशी होते त्यात आहे. घराण्यातही चालतो, आणि २०१० साली संशोधकांना त्याच्याशी संबंधित काही जनुकीय बदल सापडले. भीती नंतर येते. दुसरी-तिसरीत कुणीतरी हसतं, कुणी शब्द पुरा करून देतं, आणि तिथून ती वर चढत जाते. जोसेफ शीहान नावाचे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ स्वतः तोतरे होते. ते तोतरेपणाला हिमनग म्हणायचे: ऐकू येणारं अडखळणं तेवढं पाण्यावर, आणि लाज, भीती, टाळाटाळ हा मोठा भाग पाण्याखाली.

पाण्याखालच्या या भागाबद्दल मला लिहायचंय. पुण्यात तोतऱ्या माणसांनी स्वतःच चालवलेला एक गट आहे, तिथे रविवारी जायला लागलो. मला वाटलं होतं श्वासाचे व्यायाम शिकवतील. शिकवलं ते भलतंच. जोडीजोडीने रस्त्यावर जायचं आणि अनोळखी माणसाशी मुद्दाम अडखळून बोलायचं. अट एकच, नजर खाली टाकायची नाही.

मी एका स्टेशनरीच्या दुकानात शिरलो. घशाला कोरड पडली होती. खरोखर अडतो तेव्हा काय होतं ते सांगतो: श्वास आत घेतलेला तिथेच थिजतो, जबडा पुढे येतो, मानेची शीर ताठते आणि डोळे आपोआप मिटतात किंवा जमिनीकडे जातात. आता तेच सगळं आपल्या मर्जीने, डोळे उघडे ठेवून करायचं. "ख-ख-ख-खाकी पाकीट आहे का?" दुकानदार आजोबा सुटे पैसे मोजत होते. त्यांचे हात थांबले. चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, वाक्य संपेपर्यंत थांबले, आणि म्हणाले, "लांबडं की मोठं?" बस्स. एवढंच. जन्मभर ज्या नजरेला घाबरत आलो, ती नजर मी पहिल्यांदाच पुरती पाहिली, आणि तिच्यात तिरस्कार नव्हता. माणूस गिऱ्हाइकाला पाकीट देत होता.

काही महिन्यांनी कंपनीत नव्या पुरवठादारांची बैठक होती. सुरुवातीलाच सांगितलं, "मी बोलताना अडखळतो. एखाद्या शब्दाला वेळ लागला तर जरा थांबा, वाक्य माझं मलाच पूर्ण करू द्या." त्या दिवशी मी नेहमीपेक्षा जास्तच अडखळलो, कारण शब्द बदलायचे बंद केले होते. पण संध्याकाळी घरी आल्यावर जो डोक्याचा भुगा झालेला असायचा, तो नव्हता.

अजूनही भीती वाटते. फोन वाजला की पोटात गोळा येतोच. फरक एवढाच की आता ती वाटत असताना फोन उचलतो.

तुमच्यापैकी कुणी असं काही लपवत आलं असेल, तोतरेपणाच असं नाही, तर जरूर लिहा.

मोगरा_२

दादा, किती मनापासून लिहिलंय. कात्रज-स्वारगेट वाचून डोळ्यांत पाणी आलं. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. माझ्या वर्गात चौथीतला एक मुलगा आहे, हुशार आहे, पण प्रकट वाचनाची पाळी आली की पोटात दुखतंय म्हणून बाहेर जातो. त्याची पाळीच आणू नये का? की आणावी? मला खरंच कळत नाहीये.

वैदर्भीय

लेख प्रामाणिक आहे, आवडला. पण मी सहमत नाही आणि ते स्पष्ट लिहितो.

माझा धाकटा भाऊ तोतरा बोलतो. लेखी परीक्षा उत्तम मार्कांनी पास होतो आणि मुलाखतीत बाद होतो. एका ठिकाणी त्याने तुमच्यासारखंच आधी सांगितलं. समोरचे गोड हसले, दोन प्रश्न विचारले, संपलं. स्थळं बघताना तर विचारूच नका. मुलीकडच्यांना सांगितलं की "मुलांमध्ये उतरेल का?" हा पहिला प्रश्न. आपल्याकडे माणसाची कमजोरी कळली की लोक तिच्यावरच बोट ठेवतात. तुमची नोकरी पक्की होती, नाव झालेलं होतं, मग तुम्ही सांगितलंत. ज्याचं अजून काहीच जमलेलं नाही त्याला "भीतीला कवटाळ" म्हणणं सोपं आहे, निभावणं त्याच्या वाट्याला येतं.

कृष्णाकाठ

वैदर्भीय, तुमचा मुद्दा हलका नाही. नोकरी पक्की असल्यामुळे मला सोपं गेलं हे शंभर टक्के खरं.

पण भावाला एक विचारून बघा. न सांगता दिलेल्या मुलाखतींत पॅनेलला कळलं नाही का? दोन मिनिटांत कळतंच. मग ते लोक अंदाज बांधतात: तयारी नाही, घाबरट आहे, काहीतरी दडवतोय. आणि भावाची निम्मी बुद्धी उत्तराऐवजी शब्द चुकवण्यात जाते. येत असलेलं उत्तर सोडून उच्चारता येणारं उत्तर देतो तो. मी अशी कितीतरी उत्तरं दिली आहेत, चुकीची आहेत हे माहीत असून. सांगितल्याने नोकरी मिळेलच असं नाही. पण निदान जे येतं ते तरी बोलता येतं.

कुणाला, कधी सांगायचं हे मात्र ज्याचं त्यानं ठरवायचं. रिक्षावाल्याला आयुष्याची कहाणी सांगायची गरज नाही.

कायद्याचा आधारही तोकडाच आहे. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात 'वाचा आणि भाषा दिव्यांगता' आहे, पण तिथे स्वरयंत्र काढणं, अफेझिया (मेंदूला इजा होऊन भाषा जाणं) अशा कारणांचा उल्लेख आहे, तोतरेपणाचा नाही. तोंडी परीक्षेत थोडा जास्त वेळ मिळावा एवढं तरी व्हायला हवं, असं मला फार वाटतं.

वाचा_ठाणे

मी वाक् व श्रवण चिकित्सक आहे. धागाकर्त्यांनी जे केलं त्याला आमच्या शास्त्रात जुना आधार आहे, थोडं सविस्तर लिहिते.

भीती वाढते कशी ते बघा. फोन वाजतो, छातीत धडधडतं, तुम्ही तो उचलत नाही, क्षणात हलकं वाटतं. ते हलकं वाटणं हे मेंदूला मिळालेलं बक्षीस असतं. पुढच्या वेळी तो आणखी जोरात सांगतो, उचलू नकोस. शिवाय फोन उचलला असता तर काय झालं असतं हे कधी कळतच नाही, त्यामुळे मनातलं संकट होतं तेवढंच मोठं राहतं. म्हणून चिकित्सेत आम्ही पायऱ्या करतो. मानसोपचारतज्ज्ञ जोसेफ वोल्प यांनी १९५८ साली टप्प्याटप्प्याने भीतीला सामोरं जायची पद्धत मांडली. तोतरेपणात मी साधारण असं करून घेते: आधी घरच्यांशी मुद्दाम अडखळून बोलणं, मग दुकानात एक वस्तू मागणं, मग फोनवर चौकशी, आणि ज्याला घाम फुटतो ते, म्हणजे कंपनीतली बैठक, सगळ्यात शेवटी. एका पायरीवर भीती सुसह्य होईपर्यंत थांबायचं. एकदम वरच्या पायरीवर ढकललं आणि तो पळून आला, तर भीती दुप्पट होऊन बसते. वैदर्भीय यांच्या भावाची बहुधा तीच गत झाली. थेट मुलाखतीत सांगण्याआधीच्या पायऱ्या झाल्या होत्या का, ते बघायला हवं.

मुद्दाम अडखळण्याची पद्धत अमेरिकन वाचा-चिकित्सक चार्ल्स व्हॅन रायपर यांच्यामुळे रुजली. ते १९०५ साली मिशिगनमध्ये जन्मले, स्वतः फार जोरात अडखळायचे. तरुणपणी एका शेतावर मजुरी मिळावी म्हणून त्यांनी आपण मुके-बहिरे असल्याचं सोंग घेतलं होतं. बोलायला नको म्हणून! पुढे त्यांना गाडीतून सोडणारा एक म्हातारा भेटला, तोही तोतराच, पण अगदी सहज, न झगडता अडखळणारा. आता या वयात स्वतःशी भांडायचं त्राण नाही, शब्द गळतील तसे गळू देतो, अशा अर्थाचं तो बोलला. व्हॅन रायपर यांनी तिथून धागा पकडला: अडखळणं थांबवायच्या मागे न लागता सोपं अडखळायला शिकायचं. १९३६ साली त्यांनी कलामाझूमध्ये वाचा-चिकित्सालय काढलं आणि पुढे दशकानुदशकं हेच शिकवलं.

"सात दिवसांत तोतरेपणा गायब" अशा जाहिरातींना कृपया भुलू नका. पहिल्या आठवड्यात संथ, गाण्यासारखं बोलायला लावून अडखळणं थांबवता येतं, कुणीही थांबवू शकतं. घरी गेल्यावर ते टिकत नाही, आणि माणूस स्वतःला दोष देत बसतो. याचा मला फार राग आहे, कारण असे खचलेले लोक नंतर माझ्याकडे येतात.

मोगरा_२ ताई, तुमच्या विद्यार्थ्याबद्दल वेगळं लिहिते, जरा क्लिनिक आटोपू दे.

चिऊची_आई

ताई, एक विचारू का? धाकटा पावणेचार वर्षांचा आहे. दोन-तीन महिन्यांपासून "म-म-म-मला" असं करतोय. सासूबाई मधातून वेखंड उगाळून देतात. त्यांचं म्हणणं माझ्या नवऱ्यालाही तेच दिलं आणि तो बरा झाला. मला भीती वाटते की आपण लक्ष दिलं तर वाढेल, नाही दिलं तर राहून जाईल.

वाचा_ठाणे

चिऊची_आई, घाबरू नका. दोन ते पाच या वयात बोलणं झपाट्यानं वाढतं तेव्हा साधारण शंभरात पाच मुलं या टप्प्यातून जातात आणि त्यातल्या बहुतेकांचं आपोआप थांबतं. मोठेपणी शंभरात एकाच्या आसपास उरतात, त्यात पुरुष जास्त. तुमच्या यजमानांचं थांबलं ते बहुधा असंच, श्रेय वेखंडाला गेलं. सासूबाईंना दुखावू नका, पण वेखंड पोटात देणं थांबवा, लहान मुलांना त्याने उलट्या होऊ शकतात.

"हळू बोल", "नीट बोल", "परत सांग" हे तिन्ही घरातून बंद करा. तुम्ही स्वतः सावकाश बोला. त्याचं वाक्य पुरं होईपर्यंत हातातलं काम थांबवून त्याच्याकडे बघा, तो काय सांगतोय तिकडे लक्ष, कसं सांगतोय तिकडे नाही. सहा महिन्यांहून जास्त टिकलं, शब्द नुसते परत येण्याऐवजी घशातच अडायला लागले, किंवा तो बोलायचं टाळायला लागला तर मात्र दाखवा. घरात कुणाचं मोठेपणीही राहिलेलं असेल तर थोडं आधीच. मुंबईत वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, सरकारी आहे.

चिऊची_आई

खूप खूप आभार ताई. आज रात्रीच सासूबाईंशी बोलते.

सहनशील

माझा तोतरेपणाशी संबंध नाही, पण लाजेशी आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांचं एक उदाहरण आठवलं, मानसोपचारतज्ज्ञ कि. मो. फडक्यांमुळे त्यांचे विवेकनिष्ठ मानसोपचार मराठीत अनेकांना माहीत आहेत. एलिस एकोणीस वर्षांचे असताना मुलींशी बोलायला प्रचंड घाबरायचे. न्यूयॉर्कच्या ब्रॉंक्समधल्या वनस्पती उद्यानात जाऊन बाकावर एकटी बसलेली स्त्री दिसली की तिच्याशी बोलायचंच, असं त्यांनी ठरवलं. १३० जणींच्या शेजारी बसले. ३० उठून गेल्या, १०० जणींशी बोलले. भेटायचं फक्त एकीने कबूल केलं आणि तीही आली नाही. पण आकाश कोसळलं नाही, हे त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं आणि ती भीती गेली. पुढे लाजेवर हल्ला करायचे व्यायाम त्यांनी उपचारातच घातले. तुमचं खाकी पाकीट त्याच जातीचं आहे.

माइनकाठ

जर्मनीतून लिहितोय. धागा रात्री दोनदा वाचला.

मीही तोतरा. इथे नवी भाषा शिकलो, तीही अडखळतच. इथल्या लोकांसमोर मला लाज कमी वाटते, ते मला आधी परका समजतात. घरी फोनवर मराठी बोलताना मात्र जीव मुठीत असतो. कारण पलीकडे बाबा असतात, आणि बाबाही तोतरे आहेत.

आमच्या घरात या गोष्टीवर आजवर एक अवाक्षर निघालेलं नव्हतं. बाबा टपाल खात्यात होते. गावच्या पोस्टात काउंटरवर बसले असते तर घराजवळ राहता आलं असतं, पण त्यांनी आरएमएस, म्हणजे रेल्वे टपाल सेवा, मागून घेतलं. रात्री रेल्वेच्या टपाल डब्यात उभं राहून पत्रं छाटायची. कुणाशी बोलावं लागत नाही. आम्ही लहान असताना वाटायचं त्यांना रेल्वेची हौस आहे. खात्यांतर्गत बढतीची संधी आली तेव्हाही त्यांनी नको म्हटलं, आणि आई अजून त्यावरून बोलते. माझे शब्द अडायचे तेव्हा ते खोलीतून उठून जायचे. मला वाटायचं त्यांना माझी लाज वाटते.

हा धागा वाचल्यावर रविवारी फोन केला. म्हटलं, "बाबा, मी ऑफिसात सगळ्यांना सांगून टाकलंय की मी अ-अडखळतो." पलीकडे बराच वेळ काही नाही. मला वाटलं लाइन तुटली. मग ते म्हणाले, "मी उ-उ-उठून जायचो ना, मला ऐ-ऐकवायचं नाही. वाटायचं मीच दि-दिलंय तुला." आणि मग आम्ही दोघं बोलत राहिलो. दोघंही भयंकर अडखळत होतो. त्यांनी आरएमएसमधल्या एका सहकाऱ्याबद्दल सांगितलं, जो त्यांच्या वतीने साहेबांशी बोलायचा. आईने मध्येच विचारलं, एवढं काय चाललंय दोघांचं.

ते चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत. आता अजून विचारायचं खूप आहे. पुढच्या रविवारी पुन्हा फोन लावतोय.

वैदर्भीय

माइनकाठ यांचा प्रतिसाद वाचून काही सुचेना, म्हणून दिवसभर लिहिलं नाही.

भावाला धागा पाठवला. त्याने वाचला, आणि म्हणाला, "दादा, मुलाखतीत सांगून काम झालं नाही याचं दुःख नाही. घरी कुणी विचारलं नाही याचं आहे." आम्ही त्याला कायम वाचवतच आलो. फोन आला की "दे इकडे, मी बोलतो." स्थळाकडच्यांशी बाबा बोलणार, तो नुसता बसणार.

माझं मत पूर्ण बदललेलं नाही. बाहेरचे लोक कठोर आहेत आणि सांगण्याची किंमत त्यालाच मोजावी लागते, हे मी पुन्हा म्हणेन. पण घरातलं आमच्या हातात आहे. वाचा_ठाणे ताई, नागपुरात पायऱ्यांनी काम करणारं कुणी असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) कराल का?

वाचा_ठाणे

व्यनि केला आहे. भावाला स्वतःलाच फोन करून वेळ घ्यायला सांगा. ती त्याची पहिली पायरी.

आता मोगरा_२ ताई. त्या मुलाची पाळी टाळू नका आणि अवचित आणूही नका. मधल्या सुट्टीत त्याला एकट्याला गाठून विचारा, वाचन कसं केलेलं आवडेल. दोघांनी मिळून एकाच वेळी वाचायचं, हा पर्याय पहिल्यांदा द्या. सोबत वाचताना ही मुलं सहसा अडत नाहीत, आणि इतर जोड्यांनाही तसंच वाचायला लावलंत तर तो वेगळा पडत नाही. हजेरी क्रमाने घेता ना? आपला नंबर जवळ येतोय हे मोजत बसणं हा या मुलांचा सगळ्यात मोठा छळ असतो. हजेरी मधूनच कुठूनही घ्या, किंवा नुसता हात वर करू दे. हसणाऱ्या मुलांना त्याच्यासमोर रागावू नका, नंतर बोला. आणि एक दिवस तो स्वतःहून एकटा वाचायला उभा राहिला, तर अडखळला तरी पुस्तकातल्या धड्यावरच पुढचा प्रश्न विचारा. "छान बोललास" नको.

मोगरा_२

हजेरीचं कधी लक्षातच आलं नव्हतं! उद्यापासून बदलते. ताई, त्याच्या आईवडिलांशी आधी बोलू की आधी त्याच्याशी?

कृष्णाकाठ

वाचा_ठाणे ताई सांगतीलच, पण चौथीतला मी असतो तर म्हटलं असतं, आधी माझ्याशी बोला. आमच्याबद्दल घरी आणि शाळेत पुष्कळ बोलणं व्हायचं, आम्ही दाराबाहेर उभे असायचो.

माइनकाठ, बाबांची हरकत नसेल तर त्यांच्या आरएमएसच्या आठवणी इथे लिहा. आणि २२ ऑक्टोबरला जागतिक तोतरेपणा जागृती दिन असतो, १९९८ पासून पाळतात. त्या सुमारास पुण्यातल्या गटाची मोठी बैठक घ्यायचा विचार आहे. ज्यांना यायचंय, स्वतः तोतरे असोत किंवा भाऊ, आई, शिक्षक, त्यांनी इथेच नाव कळवा, जागा ठरली की वेळ टाकतो. ओळख करून देताना प्रत्येकाला नाव सांगावं लागेल, आणि त्यासाठी लागेल तितका वेळ मिळेल.